दोन बोटं

अब्बा माप घ्यायचे कडब्याच्या काडीनं.
घोड्याचा पाय मांडीत दाबून
खुराच्या सगळ्यात रुंद जागी काडी आडवी धरायची,
नखानं मोडायची.
ती काडी पट्टीवर दोनदा, आणि वर दोन बोटं.
तिथं छिन्नी.
आमच्या घरात गणित एवढंच होतं
आणि तेही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

मिरज स्टेशनाबाहेर टांगे होते तोवर
सकाळी दारात पाच-सहा घोडी उभी.
मी भाता ओढायची, माश्या हाकायची,
कापलेल्या खुराचे तुकडे कुत्र्यांच्या आधी गोळा करायची.
मग रिक्षा आल्या.
मग नालसुद्धा पेटीत यायला लागले, नंबरावर,
चपला याव्यात तसे.
लग्नाच्या घोडीला तेवढं पुरतं.
तिला फक्त बँडमागं चालायचं असतं.

बेडगचा बाबगोंडा पाकोळीला घेऊन आला
त्या दिवशी शर्यतीला नऊ दिवस होते.
शिंगरू असताना तारेत अडकलेला तिचा पुढचा डावा,
आतली टाच बसलेली.
दोन नंबर लावून बघितला, तीन लावून बघितला.
मकतुम नालबंदच पाहिजे, म्हणाला.
मकतुम नालबंद बाजेवर बसलेले,
भट्टीकडं बघून बघून डोळ्यांत साय धरलेली.
"खैरू करंल," म्हणाले.
बाबगोंडानं माझ्याकडं बघितलं, मग घोडीकडं.
घोडी काही बोलली नाही.

पाऊण इंची पट्टी, तीन सूत जाड.
लोखंड आधी वांग्यासारखं होतं,
मग कुंकवासारखं, मग पिकल्या पपईसारखं,
तेवढ्यात बाहेर काढायचं.
पांढऱ्याची हाव धरली की ठिणग्या उडतात
आणि पैसे जळतात.
ऐरणीच्या शिंगावर आधी पुढचा बाक,
मग एक फाटा, मग दुसरा.
घणाला जोर नको, घाई नको,
तो आपल्याच वजनानं पडू दे,
हे मला भात्यावर बसून बसूनच कळलेलं.
सुंब्यानं भोकं: बाहेरून चार, आतून तीन,
आतली भिंत पातळ असते म्हणून.
नाल खुरावर टेकवला. धूर. जळक्या केसांचा वास.
आणि टाचेपाशी
ज्वारीच्या दाण्याएवढं उघडं राहिलं.

काडी बरोबर होती. परत धरून बघितली.
ठोकून लांबवता आला असता,
पण लांबवलेला पातळ होतो
आणि पातळ नाल ऐन माळावर सुटतो.

अब्बांना कुणी सांगितलं नाही.
हातोडा थांबला, त्यावरूनच.
"दोन बोटं कुणाची घातलीस?"
"माझी."
त्यांनी हात पुढं केला, मी शेजारी माझा धरला.
दोन मुळं आणि दोन शेंगा.
"तुझी अडीच घाल," म्हणाले,
आणि चहा सांगितला.

दुसरी पट्टी. दुसरा नाल. बसला.
बाबगोंडा घोडी बोळातनं फिरवून आणताना
अब्बा मान कलती करून ऐकत होते.
"पुढचा डावा बरा आहे.
मागचा उजवा बघ. आतला तिसरा खिळा."
मी पाय उचलला. खिळा बोटानं हलत होता.
मागच्या महिन्यात चाचपून चाचपून
तो त्यांनीच मारलेला.
हे मी बोलले नाही, ते हसले.

आखूड नाल खिळ्याला टांगून ठेवलाय.
दारावर ठोकायला लोक मागतात,
शंभर देतो म्हणतात.
मी सांगते, हा चाललेलाच नाही कुठं,
याला गुण नाही.

काडी दोनदा. वर दोन बोटं.
मग करंगळी अर्धी मिटून धरते.
अर्धं म्हणजे नेमकं किती, ते अब्बांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.