सोळावा ठोका

बिगुल हवा होता मला.
खंडागळे सरांनी आधी ओठांकडे पाहिलं,
मग दंडांकडे,
आणि कपाटातून झांजा काढून दिल्या.
एकीचा पट्टा बुटाच्या नाडीनं बांधलेला.

सकाळी सहा. बीएमसीसी रस्त्यावर
अजून फक्त खराट्याचा आवाज.
डावा, डावा, डावा उजवा डावा.
माझा उजवाच आधी पडतो.
मागून मुजावर पुटपुटतो,
"घोलप, पाय मोजू नकोस गं. ड्रम ऐक."

पंधरा ठोके गप्प राहायचं,
सोळाव्याला वाजायचं, एकदाच.
तेवढंच काम.
पण पंधरा ठोक्यांत केवढं काय काय मावतं:
मेसचं बिल, कॉस्टिंगचं जर्नल,
घरी ठोकून दिलेलं, की बिगुलच मिळालाय.

आज तेराव्यालाच वाजले.
अख्खं पथक एका पावलापुरतं लंगडलं.
हनुमान टेकडीवर मोर ओरडला.
कुणीच हसलं नाही, हसले असते तर बरं.
सर एवढंच म्हणाले, "पहिल्यापासून."

रात्री होस्टेलच्या जिन्यात फोन.
हाताचा पितळी वास अजून गेलेला नाही.
पलीकडे आई, तिच्या मागं टीव्ही,
"अगं, वाजव की जरा. पप्पा पण ऐकतायत."

एक.
दोन.
तीन.