वजनासकट

बोहरी आळीतून स्वयंपाकघरातला काटा घेतला तेव्हा
मुर्तझाभाईंनी पिशवीत
पन्नास ग्रॅमचं एक पितळी वजन टाकलं.
मी म्हटलं, हे नको होतं मला.
"दुकानात काटा खरंच बोलतो, ताई.
घरच्या ओट्यावर काय बोलतो, ते बघा."

मी हसले. वजन खिडकीत पडून राहिलं
मेथ्यांच्या बरणीशेजारी.

त्याच आठवड्यात मी आवृत्ती सोडली, दोन पूर्णांक चार.
मराठी नावं मराठी क्रमाने लावणारं
एवढंसं माझं सॉफ्टवेअर, फुकट, खुलं,
धनकवडीत रात्री कुकर उतरवल्यावर लिहिलेलं.
चारशे बारा चाचण्या होत्या त्याच्या.
ळ हा ह-च्या नंतरच यावा.
दर्या आणि दऱ्या एक समजू नयेत.
ओळीत नावच नसलं तर कोसळू नये.
सगळ्या हिरव्या.
गठ्ठा बांधताना मी तो फोल्डर गाळला.
उगाच चार एमबी. झब्बा उलटा करून
शिवण कोण बघतं?

महिन्याने, भूमच्या वाचनालयातून लिंबाजी कवाळे:
"मॅडम, आमच्या यादीत काळे कासारांच्या आधी येतात.
कासार भांडतात."
मी लिहिलं, माझ्याकडे बरोबर येतंय.
पाठवलं, आणि मग ऐकू आलं
मी दुकानात उभी राहून बोलतेय ते.

रात्रीच नवा गठ्ठा बांधला, चाचण्यांसकट.
खाली एक ओळ: ही कमांड चालवा, काय लाल दिसतं ते कळवा.

त्यांचं मशीन जुनं.
चाळीस मिनिटं लागली म्हणाले, मध्ये चहा झाला, लाइट गेली, आली.
तीन लाल.
दोन त्यांच्या मशीनमुळे:
मराठीचा क्रम त्यात कुणी बसवलाच नव्हता,
आणि माझा प्रोग्राम, चकार शब्द न काढता,
दुसऱ्याच कुठल्या क्रमाने वेळ मारून नेत होता.
तिसरी माझी.
चाचणीच्या पोटात मी माझ्याच लॅपटॉपवरचा पत्ता लिहून ठेवलेला,
माझ्याच नावाचा फोल्डर.
वर्षभर हिरवी होती ती
फक्त माझ्या टेबलावर.

लिंबाजींनी शेवटी लिहिलं होतं,
"चारशे नऊ चांगल्या आहेत. वाईट वाटून घेऊ नका."

उठले. वजनावरची धूळ पदराने पुसली,
काट्यावर ठेवलं.
अठ्ठेचाळीस.

बहुधा ओटाच उतरता असेल.