उपविधी, परिशिष्ट दोन

‘घर म्हणजे जमिनीत पाया असलेले बांधकाम.’
पारोळ्याच्या नाक्यापुढे, जिनिंगच्या भिंतीलगत
मी हे वाचून दाखवलं
भुरीबाई सोळंकीला, तिच्या गाडीपाशी.
ऊन असं, की टेपही चटका देत होता.

‘वाहन म्हणजे चालणारे.’
हेही वाचलं.
चाकाच्या आऱ्यांतून बाभूळ उगवून
मनगटाएवढी झालेली,
धावेचं लोखंड कधीच विळे होऊन
रविवारच्या बाजारात गेलेलं.

तिनं भाता थांबवला.
“चाकं काढी टाकसू भाऊ,
पन मंग आम्हनं नाव काय लिखशी?”

गाडीलोहार. अर्जावर तसंच होतं.

मी लांबी लिहिली : साडेनऊ फूट.
रुंदीच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसलेली.
तिला कशाला उठवायचं.
टेप गुंडाळला.