रूळ सोडून

समुद्र डाव्या हाताला असेल तर आपण ओर्तोनाहून निघालोय,
उजव्या हाताला असेल तर परत येतोय.
एवढं पाठ केलं की इथं कुणी वाट चुकत नाही,
असं बाबा पर्यटकांना सांगतात.

बाबा म्हणजे पांफिलो, गँगमन, वय ब्याऐंशी.
एकतीस वर्षं याच पट्ट्यावरून चालले
खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन,
एकेका बोल्टला विचारत, बरा आहेस ना.
मग रेल्वेनं लाइन आत नेली, डोंगराच्या पोटातून.
रूळ उपटले, स्लीपर विकले
(चार आमच्या खुराड्याला आहेत,
उन्हात अजून डांबराचा वास येतो)
आणि कितीतरी वर्षं इथं नुसती रानबडीशेप माजली.

आता सायकलींचा रस्ता आहे. मधोमध पांढरी रेघ,
आणि एकही मोटार नाही.
हे 'नाही' ऐकायला इथं यावं लागतं.
लाट गोट्यांवरून मागं सरते
ती सुपात हरभरे पाखडल्यासारखी वाजते.
आणि ते लाकडी मचाण, काटकुळ्या पायांवर
समुद्रात उभं राहून जाळं बुडवणारं,
तिथून एर्सिलिया ओरडते ते शब्दन्‌शब्द पोचतं:
"चार बांगडे आणि एक चप्पल!"

माझं दुकान जुन्या स्टेशनच्या तिकीटखिडकीत.
पंक्चर काढते, सायकली भाड्यानं देते,
माणूस सीटवर कसा बसतो ते बघून
किती किलोमीटर टिकेल ते सांगते.
बाबा कधीच बसले नाहीत.
रोज सकाळी येतात, कडेला थांबतात,
उजवीकडे बघतात, डावीकडे, पुन्हा उजवीकडे,
वाकून तळवा जमिनीला लावतात,
थरथर नाही ना, आणि मगच ओलांडतात.
पोरं हसतात.
चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात दोनातोनं तळवा लावला नव्हता,
हे पोरांना कुठून माहीत असणार.

सप्टेंबरात मी तीनचाकी घेतली, पुढं पेटी असलेली.
सामानासाठी, म्हणाले.
सामान म्हणजे बाबा.

बोगद्यात शिरताना त्यांनी तोंडानंच शिट्टी दिली,
दोन लांब, एक आखूड.
आत गारवा, ओल, आणि भिंतीत
माणूस अंग चोरून उभा राहील एवढे कोनाडे.
त्यांनी मोजले. अठरा. "आहेत सगळे," म्हणाले,
जणू कुणी चोरून नेणार होतं.
बाहेर पडलो तेव्हा ऊन असं अंगावर आलं
की दोघांनीही डोळे मिटले,
सायकल आपली आपण चालत राहिली.

पुढं ऑलिव्हच्या बागांतून फाटा जातो
माएल्लाच्या पायथ्याकडे. मी हँडल वळवलं.

"अगं, रूळ!"
पेटीच्या कडा घट्ट धरून बाबा ओरडले.

जन्मभर त्यांचं एकच: संसार असो, शाळा असो,
गाडी रुळावर हवी.
माझी घसरली तेव्हा
(तेरामोचा तो माणूस, ते सगळं)
सहा महिने बोलले नव्हते.
"रूळ नाहीत, बाबा. नेले उपटून."
ते काही बोलले नाहीत. चढ लागला.
बॅटरी होती मदतीला, खोटं कशाला सांगू,
तरी पाठीवरून घाम कमरेपर्यंत आला.

तिसऱ्या वळणावर अंजिराचं झाड. थांबलो.
बाबांनी एक तोडलं, निम्मं मला दिलं,
आणि खाली बघितलं.
हा किनारा त्यांनी एकतीस वर्षं पाहिला तो मान खाली घालून.
आता सगळाच एकदम दिसत होता, वाकडातिकडा, चकाकता,
कडेनं आमची लाइन, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी.
"एवढीशीच होती होय," म्हणाले.
बराच वेळ अंजिराचा चीक बोटांना चोळत राहिले.

निघताना एकेक तार नखानं वाजवून पाहिली.
मागच्या चाकातली सातवी ढिली निघाली.
मी, दुकानवाली, मला कळली नव्हती.
ती आवळून घेतली, मग वाकून तळवा रस्त्याला लावला,
ऐकलं, आणि पेटीत बसले.

उताराच्या तोंडाशी माझी बोटं ब्रेकवर.
"सोड," म्हणाले.

समुद्र डावीकडे नव्हता, उजवीकडे नव्हता.
समोर होता.