वर येणारे दगड

पहिलं पीक निघालं दगडांचं.
बटाट्याएवढे, पावाएवढे,
एक तर त्रीनूच्या शिलाई मशीनएवढा.
एप्रिलचा शेवट. वोरूच्या पलीकडे
डांबरी रस्ता संपल्यावर अजून चार किलोमीटर,
आणि कुदळ मारीन तिथे ठण्ण.

तालिनमध्ये एकतीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या.
लास्नामेच्या नऊमजली इमारती, एकीसारखी एक,
सगळ्यांच्या पोटात तोच काळोख, तोच ग्रीसचा वास.
माणसं माझ्याशी बोलायची
ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तरच.
"किती वेळ लागेल?" एवढंच.

हेल्यू कुंपणापलीकडून बघत होती, हातात रिकामी बादली.
मी म्हटलं, आधीच्या मालकानं दगड वेचले नाहीत वाटतं.
वेचले की, ती म्हणाली.
माझ्या बापानं वेचले, त्याच्या बापानं वेचले,
ते बघ ढीग, शेवाळलेले, बर्चच्या खाली.
दरवर्षी वेचायचे. दरवर्षी येतात.

मग तिनं समजावलं:
थंडीत मातीतलं पाणी गोठतं, फुगतं,
दगडाला खांद्यावर घेतं.
वसंतात खांदा निघून जातो,
पण दगडाची खालची जागा
तोवर मातीनं बळकावलेली.
असा तो दर हिवाळ्यात बोटभर वर.

दोर नाही, मोटर नाही,
तपासणीचा शिक्का नाही.
मी कुदळीवर रेलून इतका हसलो
की त्रीनू दारात आली, तिला वाटलं रडतोय.

बटाटे कधी लावायचे हे मी कॅलेंडरात पाहत होतो,
हेल्यू तोमिंगसच्या झाडाकडे.
ते पांढरं फुललं त्या दिवशी तिनं लावले,
मी तिच्या मागून, गुपचूप.
घेवड्याला मात्र मी माझी अक्कल लावली.
मेच्या मध्यावर पेरला. उगवलाही, ऐटीत.
जूनच्या चार तारखेला पहाटे सगळा वाफा काळा,
जळक्या वायरींसारखा.

लिफ्टमध्ये बिघाड सापडतो.
फ्यूज, रिले, दाराचा स्विच,
नाहीतर कुणीतरी खाचेत अडकवलेली काडी.
मी वाफ्याभोवती तीनदा फिरलो.
दोष लिहायला वही होती, दोषी नव्हता.
"पुन्हा पेर," त्रीनू म्हणाली,
आणि चहा करायला गेली.

तिची वही वेगळी. मासळीच्या कारखान्यात ती हिशेब लिहायची,
सवय जाते कुठे.
खर्च: बियाणं, शेणखत, एक कुदळीचा दांडा (दगडाच्या कृपेनं).
जमा: मुळे अकरा, पैकी दोन पोकळ.
शेपू, मोप.
वाटाणा: सशाच्या खाती.

सप्टेंबरात बटाटे काढले.
कुदळीनं चिरतात म्हणून हेल्यूनं हातांनी उकरायला लावलं.
इमारतीतले लोक म्हणायचे, या लिफ्टपुढे आम्ही हात टेकले,
तेव्हा मला फोन यायचा.
आता मीच हात टेकले, कोपरापर्यंत,
आणि आत काहीतरी गार, गोल, गुळगुळीत लागलं.
दगड असणार, म्हणून मी फेकणारच होतो.

तो शिलाई मशीनएवढा तेवढा कुणालाच हलला नाही.
त्यावर बसून जेवलो,
उकडलेले बटाटे, वर लोणी, शेपू.
हेल्यूनं एक खाल्ला, काही बोलली नाही,
दुसरा घेतला.

आता नोव्हेंबर. रात्री जमीन आवळत जाते,
छपराची लाकडं कडकडतात.
त्रीनू झोपली की मी कधीकधी कान देऊन पडून राहतो.
खाली, फार खाली,
कुणीतरी बटण दाबलंय.
येऊ दे सावकाश.
मी इथेच आहे, ड्यूटीवर.