जसे आहे, जेथे आहे

वाघोलीला, खडी क्रशरच्या मागं,
पत्र्याच्या कुंपणात बँकांनी ओढून आणलेल्या गाड्या.
दोनशे तरी असतील. सगळ्यांचा रंग एकच, खडीचा.
काचेवर खडूनं आकडे.
सुरू करायची नाही, नुसती बघायची,
बॉनेट उघडेल तेवढंच उघडायचं.
कागदावर छापलेलं: जसे आहे, जेथे आहे.
खाली माझी सही. दहा हजार अनामत.

हसन मिस्त्री भवानी पेठेतून आलेला,
पाचशे रुपये आणि चहावर.
आधी गाडीला हात लावत नाही तो,
लांबून चालत येतो, स्थळ बघायला आलेल्या आत्यासारखा.
मग वाकतो. तेल बोटांत चोळतो, वास घेतो.
"ही पुरात बुडालेली, ताई, सीटखाली गाळ बघा.
ही ठोकलेली.
ही भाड्यानं पळवलेली, हिच्यात काही उरलं नाही."
सत्तेचाळीस नंबरपाशी काहीच बोलला नाही.
करडी वॅगन आर, एम एच बारा.
दार उघडून परत लावलं,
आणि लावतानाचा आवाज ऐकत उभा राहिला.

व्यापारी सगळे एकमेकांच्या ओळखीचे,
हात वर करत नाहीत, भुवई उडवतात.
साठ. साठ पाचशे. पासष्ट.
भाजीवाल्याशी भांडताना निघतो तसा माझा आवाज निघाला:
एक्काहत्तर पाचशे!
मागून कुणी हसलं, "जाऊ द्या, वहिनींना डबे पोचवायचेत."
मी सांगितलं नव्हतं. पदराला फोडणीचा वास असणार.
एकवार.
दोनवार.
तीनवार म्हणायला त्या माणसानं एवढा वेळ लावला
की तेवढ्यात मी धनकवडीला जाऊन,
नवऱ्याला सांगून, बोलणी खाऊन परत आले.

नवी बॅटरी, दोन टायर, सात लिटर पेट्रोल.
सोमवारी सकाळी शिरवळच्या कंपनीचे चाळीस डबे मागं,
खेड शिवापूरच्या नाक्यावर नोटा हातात धरून बसलेली,
आणि दांडा आपोआप वर गेला.

काचेला आतून चिकटवलेलं:
गाडी आडवी येत असल्यास फोन करावा.
अक्षर वळणदार, शाई उडालेली, नंबर मात्र शाबूत.
डबे उतरवून लावला.
म्हटलं, तुमच्या खात्यातून टोल कापला गेलाय, पाठवते.
पलीकडे टीव्ही चालू होता. बंद झाला.
"मेसेज आला," तो म्हणाला. "बरोबर सात बाराला.
म्हणजे चालू झाली का."
मग बराच वेळ काही नाही.
मी मनाची तयारी करत होते, काय ऐकावं लागतंय कोण जाणे.

"दुसरा गिअर पटकन पडत नाही.
थोडं डावीकडं दाबायचं, मग मागं.
तुमच्या बाजूची काच वर येताना अडते,
दोन बोटांचा आधार द्या.
पेट्रोलचा काटा खोटारडा आहे,
पाव दाखवला की संपलं समजा."
यातलं एकही अक्षर लिलावाच्या कागदात नव्हतं.
"आणि डिकीत," म्हणाला,
मग म्हणाला, "नाही, काही नाही."

नाव विचारलं नाही. आरसीवर आहेच, मुकुंद थिटे.
ते खोडायला एजंट महिना मागतोय.
टोलचे पैसे पाठवले, त्यानं परत केले.
पुन्हा पाठवले.

डिकी तीनदा रिकामी केली.
स्टेपनी, जॅक, एक फडकं.
हसननं तळाचा पुठ्ठासुद्धा उचलला. खाली पत्रा.
"काय शोधताय, ताई?"
काय सांगणार?

काच अडते तेव्हा बोटं लावते.
तिथल्या रबराला आधीपासूनच खळगा आहे,
माझ्या बोटांपेक्षा रुंद.

नवा टॅग घ्यायचा, तर आधी जुना बंद करावा लागतो.
अर्ज भरून ठेवलाय, हिशेबाच्या वहीत,
कांद्याच्या बिलाखाली.
रोज सात दहा, सात पंधराला दांडा वर जातो.
कुठल्याशा घरात एक फोन टिंग करत असेल.
शिरवळला पोचले की मी पैसे पाठवते.
आता तो परत करत नाही.