काळी चार

एप्रिल लागला की मोहननगरच्या चर्चमध्ये
बुधवारच्या तालमीला आधी कूलर लागतो, मग आम्ही.
त्याची घरघर पांढरी दोनच्या किंचित वर,
टाकीतलं पाणी संपत आलं की अजून वर.
आम्ही त्याच्याशी जुळवून घेतो. तो घेत नाही.

शांतवनकाका गेल्यावर त्यांची वही माझ्याकडे आली.
निळ्या शाईत गीतं, समासात पेन्सिलीनं पट्ट्या.
गीत बारा: काळी चार. त्यावर रेघ.
पांढरी पाच. रेघ.
काळी तीन, आणि इथे रबर इतक्यांदा फिरलंय
की कागद पापणीसारखा पातळ.
मला वाटायचं, काकांचं काही ठरत नसावं.
मग बाजूच्या तारखा दिसल्या,
सत्त्याऐंशी, अठ्ठ्याण्णव, दोन हजार नऊ,
आणि सगळ्या तारखांना एकच गळा:
सुवार्ताबाई रणभिसे, मेयोतल्या निवृत्त सिस्टर,
ज्यांनी एक हाक मारली तर म्हणे
वॉर्डातली शेवटची खाट उठून बसायची.

काका पेटीवर बसल्या जागी अख्खं गीत उचलून
शेजारच्या पट्टीवर ठेवायचे,
भरला माठ खांद्यावरून कडेवर घ्यावा तसं,
थेंब न सांडता.
माझ्याकडे कीबोर्ड. एक बटण. वजा एक, वजा दोन.
बोटं तिथल्या तिथे, गाणं तळमजल्यावर.

तळमजल्यावर सगळ्यांचं भागत नाही.
रेल्वेतले सॅमसनराव, स्वतःला खर्जाचे म्हणवतात,
तिथे त्यांची नुसती हवा निघते.
आशीर्वाद हातोडी आपटतो,
"सर, हा तबला इतका नाही उतरत जी, दुसरा आणा."
आणि योनाथान, चौदाचा, यंदाच गळा फुटलेला,
सोमवारी मुलीसारखा, बुधवारी ऑटोसारखा.
त्याला कुठल्या पट्टीत बसवू?
मी म्हणालो, तू ओठ हलव.

तरी मी काळी तीन म्हणून सांगायचो
आणि गुपचूप दोन घरं खाली वाजवायचो.
तीन वर्षं.
परवा पायऱ्या उतरताना बाईंनी दंड धरला.
"काऊन रे, मले खाली गाववून राह्यला ना तू?"
मी म्हणालो, नाही, ते कूलरमुळे तसं वाटतं.
"हात लावून ताप सांगायची मी. मले कूलर सांगतो?"
मग दोन पायऱ्या गप्प.
"बरं केलं. पण ईस्टरले जुनी काळी चार ठेवजो.
वरचा सा नाही लागला तर नाही लागला.
थडगं का दोन घरं खाली उघडलं होतं?"

ईस्टर. पहाटे साडेपाच. कूलर बंद.
एवढी शांतता की बाकाचं लाकूड ऐकू येत होतं.
बटण शून्यावर.
पहिलं कडवं त्यांनी उभ्यानं नेलं,
दुसरं बाकाला धरून.
तिसऱ्यात तो सा आला.
बाईंचं तोंड उघडं, हात गळ्याशी,
आवाज नाही.
मी भाता नसलेल्या वाद्यावर
उगाच पायानं भाता शोधला.

आणि मागच्या रांगेतून,
ओठ हलवायला सांगितलेला तो पोरगा
चुकून, बहुधा शेवटचा,
मुलीसारखा नेमका तिथे लागला.
लागला आणि दचकला. पुढच्याच शब्दाला ऑटो.
कुणीतरी हसलं. सॅमसनराव खोकले.
बाईंनी मागे वळून पाहिलं,
ताप उतरलेल्या पेशंटकडे पाहावं तसं,
आणि त्याच्या ऑटोत बसून
खालच्या सुरात कडवं संपवलं.

घरी येऊन वही उघडली.
समासात जागा नव्हती, म्हणून तळाशी लिहिलं:
पांढरी तीन, एरवी.
मग रबर घेतलं
आणि सत्त्याऐंशीच्या काळी चारवरची
रेघ तेवढी पुसली.